शेवट आधी ठरवावाच लागतो का?
"शेवट पक्का असल्याशिवाय थरारकथा लिहिताच येत नाही, म्हणून लेखकाला आधी शेवट ठरलाय का तेच विचारा" असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटलं. थरारकथाकार ली चाइल्ड आधी आराखडा करत नसे. 1 सप्टेंबरला नवं पुस्तक सुरू करायचा आणि पुढे काय होणार ते लिहिता लिहिताच शोधायचा. उलट दुसरा थरारकथाकार जेफ्री डीव्हर आठेक महिने नुसता आराखडाच करत बसतो. पुस्तकं दोघांचीही धो धो खपतात.

मला वाटतं, हा फरक लेखकाच्या स्वभावाइतकाच नायकामुळेही पडतो. चाइल्डच्या नायकाला, जॅक रीचरला, ना घर ना सामान (दात घासायचा ब्रश तेवढा खिशात!), कुठल्याही गावात उतरतो, त्यामुळे कथा कशीही वळली तरी चालतं. डीव्हरचा नायक, गुन्हे-तपासतज्ज्ञ लिंकन ऱ्हाइम, मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळा. घटनास्थळी तो स्वतः शोधाशोध करू शकत नाही; त्याची सहकारी पोलीस अधिकारी अमेलिया सॅक्सने गोळा केलेल्या धुळीवरून, धाग्यांवरून त्याला तर्क लढवायचा असतो. म्हणजे तिसाव्या प्रकरणात कामी येणारा कण तिसऱ्यातच सापडलेला हवा. ते ऐनवेळी सुचून कसं भागणार? त्यापेक्षा लेखकाला हे विचारा: तुमच्या नायकाला काय जमत नाही, आणि ते कधी ठरलं?