मदत हवी आहे: पंतप्रधानांच्या विमानाची किंमत किती? अर्जंट, पैज लागली हाय

पऱ्हाटीवाला (शुक्रवार, रात्री ९.१२)
राजेहो फक्त आकडा सांगा, भाषण नको. आपल्या विमानाची किंमत किती हाय? साळा म्हन्ते आठ हजार कोटीच्या वर, मी म्हणलं येडा झाला का बे, एवढ्यात तं आख्ख्या जिल्ह्यातली पऱ्हाटी इकत घेता येते. पैज लागली. इतवारी मारुतीच्या पारावर निकाल हाय. नेटवर दहा जागी दहा आकडे दिसून रायले. लवकर सांगजा.

बे_एके_बे
आपल्या म्हणजे कोणाच्या? तुमच्या घरी विमान आहे का भाऊ?

पऱ्हाटीवाला
मोठ्या विमानाचं विचारून रायलो बावा, ज्याच्यात बसून ते बाहेरदेशात जातात. अजून कोणतं असते.

सोनेगाव_माजी
मी हवाई दलातून रिटायर्ड आहे, नागपूरलाच स्थायिक. आधी एक चूक दुरुस्त करा. पंतप्रधानांचं असं वेगळं विमान नाही. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान, तिघांसाठी तीच विमानं. बोइंग ७७७-३०० ईआर. २०१८ ला एअर इंडियाच्या नावावर साधी प्रवासी विमानं म्हणून आली, मग अमेरिकेत परत पाठवून आतून-बाहेरून बदलली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीत उतरली. चालवतात हवाई दलाचे पायलट. देशातल्या देशात जायचं तर बहुतेक वेळा ७३७ वाली छोटी बिझनेस जेट असतात, त्यांची नावं राजदूत, राजहंस आणि राजकमल. आमच्या वेळी एकदा सोनेगावला

पऱ्हाटीवाला
काका आकडा

सोनेगाव_माजी
अर्धवट पोस्ट गेली. आकड्यावरच येत होतो. तुमच्या पिढीला धीर म्हणून नाही.

तूर_गेली_माही
कोणाले विमानाचं पडलं अन् कोणाले कशाचं. माह्या वावरात मांगच्या साली हेलिपॅड केलं होतं, एका मोठ्या माणसाची सभा होती. एक नाही तीन गोल आखले चुन्यानं, मधात एच काढला, धूळ उडू नये म्हून टँकरनं पाणी मारलं अन् त्याच्यावर रोलर फिरवला. तूर फुलावर होती. आता तेथी नांगराचा फाळ घुसत नाही, ढेकळं निघतात विटेसारखे. पैसे देतो म्हणले होते, कोण म्हणलं ते आता कोणालेच आठवत नाही. याले काय करावं कोणी सांगन का?

हिशेबतपासनीस
@पऱ्हाटीवाला सगळीकडे जो आकडा चालतो तो साधारण ८,४०० कोटी, पण तो दोन विमानांचा आहे, खरेदी आणि नंतरचं बदलकाम धरून. ऑक्टोबर २०२० मध्ये राहुल गांधींनी पंजाबातल्या ट्रॅक्टर यात्रेत हा विषय काढला, त्यावर सरकारी बाजूनं उत्तर आलं की ही प्रक्रिया २०११ ला यूपीएच्याच काळात सुरू झाली. तेव्हापासून जो तो आपल्या सोयीनं आकडा फिरवतो, म्हणून तुम्हाला दहा दिसले. फक्त क्षेपणास्त्रापासून बचावाची यंत्रणा म्हटली तरी अमेरिकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरच्या विक्रीला मंजुरी दिली होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेतेराशे कोटी. नुसत्या बोइंगच्या दराची तुलना करणारे हे विसरतात.

पऱ्हाटीवाला
दोन मिळून!!! मंग एक पडलं ४,२०० ले. जिंकलो ना मी. धन्यवाद राजेहो, धागा बंद करा.

बे_एके_बे
थांबा थांबा. पैज एका विमानाची होती की दोनाची? नेमके शब्द काय होते?

पऱ्हाटीवाला
शब्द काय असतात पैजेले. पानठेल्याच्या टिनाच्या पाटीवर चुन्यानं लिहून हाय, "विमान ८००० कोटीच्या वर". खाली दोघायच्या सह्या. हारला त्यानं तीस लोकायले रोडगे अन् वांग्याची भाजी.

मीमांसक
किंमत किती हा प्रश्नच अपुरा आहे. विमान एकदा घेतलं म्हणजे झालं का? उडवायचा खर्च, देखभाल, आगाऊ पथक, हे कोण मोजणार? जुनी ७४७ होती तेव्हा ती एअर इंडियाचीच, दौरा आला की आतल्या सीटा काढून बैठकीची व्यवस्था करायची, दौरा संपला की परत तिकीटवाले प्रवासी. त्याची बिलं एअर इंडिया सरकारला लावायची आणि ती थकायची, नोव्हेंबर २०१९ अखेर ८२२ कोटी थकले होते. तेव्हा विमान स्वस्त पडत होतं असं म्हणणाऱ्यांनी हेही धरावं.

सोनेगाव_माजी
मीमांसक साहेब, जुन्याला फ्रँकफर्टला थांबून तेल घ्यावं लागायचं, नवीन थेट वॉशिंग्टनला जातं. सुरक्षेला किंमत लावू नये.

मीमांसक
किंमत लावू नये तर बजेट कशाला मांडतात संसदेत? भावनेवर हिशेब होत नाही.

सोनेगाव_माजी
तुम्ही कधी ड्युटी केली आहे का व्हीआयपी मूव्हमेंटची? भर उन्हात आठ तास उभं राहून बघा, मग हिशेब शिकवा.

रापम_प्रवासी
एअर इंडिया तर २०२२ ला टाटाकडे गेली, मग हे विमान टाटाचं झालं का? टाटा भाड्यानं देते का सरकारला?

हिशेबतपासनीस
नाही. ती दोन्ही हवाई दलाकडे आहेत, विक्रीत नव्हती.

ग्लोबल_गावकरी
तुम्ही आठ हजारावर अडकले, अमेरिकेचं बघा. २०१८ चा करार दोन नव्या ७४७ साठी ३.९ अब्ज डॉलरचा, आणि जुनी जी आहेत ती १९९० पासून सेवेत. उशीर होत गेला तर २०२५ ला कतारनं दिलेलं ७४७-८ घेतलं. भारी किस्सा मेक्सिकोचा, तिथल्या आधीच्या सरकारनं जवळपास २१.८ कोटी डॉलरचं ७८७ घेतलं, नंतरचे अध्यक्ष लोपेझ ओब्रादोर म्हणाले मी यात बसणारच नाही, साध्या विमानानं फिरेन. विकायला काढलं तर गिऱ्हाईक नाही. २०२० मध्ये त्या विमानाच्या नावानं लॉटरी काढली, शेवटी २०२३ ला ताजिकिस्ताननं ९.२ कोटी डॉलरला नेलं. म्हणजे वापरायचं नाही म्हटलं तरी अर्ध्याहून जास्त पैसे बुडाले.

पऱ्हाटीवाला
सेकंडहँड ट्रॅक्टरसारखं झालं हे. शोरूमच्या बाहेर काढलं का भाव पडला.

वर्धेची_वैनी
माहिती अधिकार टाका ना, दहा रुपयाचं तिकीट लावून. तीस दिवसात उत्तर द्यावंच लागते. आमच्या यांनी रेशन दुकानाचं काढलं होतं.

पऱ्हाटीवाला
वैनी निकाल परवा हाय.

वर्धेची_वैनी
मग निकाल पुढं ढकला. परदेश दौऱ्यातल्या विमानाचा खर्च तसाही पंतप्रधान कार्यालयाच्या वेबसाइटवर दौऱ्यावार टाकलेला असतो, ते तरी बघा.

बेलोरा_रिटर्न
आमच्या अमरावतीचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला चालू झालं, मुंबईचं विमान येते आता. बहात्तर सीटचं. आईले नेलं होतं दाखवाले, ते खालीच पाहून म्हणाली लाल परीएवढंच तं हाय. यवतमाळची धावपट्टी मात्र कितीक वर्षापासून तशीच पडून हाय.

तूर_गेली_माही
माहं कोणी वाचलं का?

रापम_प्रवासी
@तूर_गेली_माही सभा सरकारी कार्यक्रमाची होती की निवडणुकीची? आणि तुम्ही कशावर सही केली का?

तूर_गेली_माही
झेंडे तं पक्षाचे होते, पोलीस सरकारचे होते. तलाठी येऊन नुसता उभा होता. सही नाही, सरपंच म्हणला होऊन जाईन.

हिशेबतपासनीस
आचारसंहितेत मंत्र्यांना प्रचाराला सरकारी विमान चालत नाही, पंतप्रधानांना सूट आहे. तुमच्याकडे आले ते कोण आणि कोणत्या हेलिकॉप्टरनं, यावर ठरेल बिल कोणाच्या दारात न्यायचं. सातबारा, तेव्हाचे फोटो आणि पेरा नोंद घेऊन तहसीलदाराला लेखी द्या, पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

तूर_गेली_माही
फोटो हाय. पण त्याच्यात मी हात हलवून रायलो हेलिकॉप्टरकडं.

पऱ्हाटीवाला (शनिवार, सकाळी ७.४०)
लफडा झाला. साळा सकाळीच पानठेल्यावर जाऊन म्हन्ते पाटीवर "विमान" नाही "विमानं" लिहेल हाय, म्हणजे दोन्ही, म्हणजे ८,४००, म्हणजे तो जिंकला. मी जाऊन पाह्यलं तं न वर खरंच एक ठिपका हाय चुन्याचा. काल नव्हता. फोटो टाकला खाली, तुम्हीच सांगा हा अनुस्वार हाय का शिंतोडा.

बे_एके_बे
ठिपका जाड आहे आणि थोडा डावीकडं. बाकी अक्षरापेक्षा पांढराही जास्त. ताजा वाटतो.

मीमांसक
तरी ८,४०० म्हणजे "किंमत" नव्हेच, एकूण प्रकल्पखर्च

सोनेगाव_माजी
झालं यांचं सुरू.

पऱ्हाटीवाला
पानवाला म्हन्ते तो दिवसभर पान लावताना बोट झटकते, पाटी मांगंच हाय. गुरुजी निकाल देणार हाय, ते मराठीचे होते. साळ्यानं गुरुजीले काल संध्याकाळी दोन पानं खिलवले असं समजलं.

वर्धेची_वैनी
तीस लोकांना वांगी किती आणणार? पाच किलो तरी लागतील, रोडगे खाणारे भाजी ओरपतात. आणि गोवऱ्या आजच वाळवा, आभाळ आलं आहे.