'इन युटेरो' नुसता गोंगाट नाही

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की 'निर्वाणा' या अमेरिकी रॉक बँडचा खरा अल्बम 'नेव्हरमाइंड' (१९९१), त्यानंतरचा 'इन युटेरो' (१९९३) म्हणजे नुसता गोंगाट. माझं अगदी उलट मत आहे. 'नेव्हरमाइंड' उत्तमच, पण अँडी वॉलेसच्या मिक्सिंगमुळे (म्हणजे आवाजांच्या जुळवणीमुळे) तो फार गुळगुळीत झालाय. बँडचा गायक कर्ट कोबेनलाही नंतर तो तसाच वाटायचा.

'इन युटेरो' स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने साधारण दोन आठवड्यांत रेकॉर्ड केला. (गड्याने रॉयल्टी नाकारून ठरावीक रक्कम घेतली, हेही भारीच!) पहिलंच गाणं हेडफोन लावून ऐका: ड्रमच्या काठ्यांची टकटक आणि लगेच कानावर आदळणारा बेसूर कॉर्ड. ड्रमर डेव्ह ग्रोलचे ड्रम तर शेजारच्या खोलीत वाजताहेत असं वाटतं, भिंतींचा घुमारासुद्धा ऐकू येतो. मला पहिल्यांदा हे सगळं कर्कशच वाटलं होतं. चौथ्या-पाचव्या ऐकण्यात त्यातल्या चाली सापडल्या आणि मग सुटेना.

रेडिओहेड या ब्रिटिश बँडच्या 'किड ए' अल्बमबद्दल (२०००) मात्र वरच्या प्रतिसादाशी सहमत: गिटार जवळजवळ गायब, तरी अल्बम जबरदस्त. फक्त त्यांच्याच आधीच्या 'ओके कॉम्प्युटर'च्या लगेच पाठोपाठ ऐकू नका, हिरमोड होईल.

पर्ल जॅम या बँडवर नंतर लिहितो, तिथे भांडण होणार हे नक्की.