सगळ्यात लांब शब्द हा प्रकार म्हणजे निव्वळ सर्कस आहे का?

अर्धविराम (धागाकर्ता)
परवा भाचीने विचारलं, मामा इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द कुठला. मी लगेच पाठ केलेला ठोकून दिला, न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, ४५ अक्षरं, ज्वालामुखीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. ती म्हणाली, "पण हा वापरतं कोण?" आणि माझी बोलती बंद.

मग शोधत बसलो तर कळलं की हा शब्द डॉक्टरांचा नाहीच. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो फक्त लांब व्हावा म्हणून जुळवला, पेपरात छापून आला आणि तिथून डिक्शनरीत घुसला. आजार खरा आहे, पण डॉक्टर त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि कामाला लागतात. बाकीचेही तसलेच. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन (२९) म्हणजे एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, तर लॅटिनच्या व्याकरणात 'किरकोळ' अर्थाचे चार शब्द होते ते डबे एकमेकांना जोडले आणि मागे 'फिकेशन'चं इंजिन लावलं. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम (२८) त्यातल्या त्यात सभ्य, इंग्लंडच्या चर्चचा सरकारी दर्जा काढू नका म्हणणाऱ्यांची भूमिका, पण मेरियम-वेबस्टरवाले तो डिक्शनरीत घेत नाहीत कारण लोक तो 'हा बघा लांब शब्द' एवढं म्हणण्यापुरताच वापरतात.

माझं म्हणणं एवढंच, कोणालातरी काहीतरी सांगायचं होतं आणि त्या नादात शब्द लांबला, तरच तो मोजा. या हिशोबाने अनकॅरॅक्टरिस्टिकली (म्हणजे नेहमीच्या स्वभावाला सोडून), २० अक्षरं, इथे इंग्रजीची गाडी थांबते. बोला.

संधीसाधू
असहमत. तुम्ही इंग्रजीचा चष्मा लावून बसलाय. इंग्रजीवाले पाच शब्द एकापुढे एक ठेवतात आणि मधे स्पेसबार दाबतात, जर्मनवाले दाबत नाहीत, एवढाच काय तो फरक. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्यात १९९९ साली एक कायदा आला, रिंडफ्लाइशएटिकेटिअरुंग्सयुबरवाखुंग्सआउफगाबेनयुबरत्रागुंग्सगेझेत्झ, ६३ अक्षरं. अर्थ काय तर गोमांसाच्या लेबलांवर देखरेख ठेवायचं काम कोणाकडे सोपवायचं त्याचा कायदा. हा कुठल्या कोडीवाल्याने नाही, विधिमंडळाने केला, आणि २०१३ साली रद्द झाला तोही लांबी बघून नाही, जनावरं तपासायचे युरोपियन युनियनचे नियम बदलले म्हणून. तुमच्या कसोटीला उतरला की नाही?

आणि संस्कृतचं काय करणार? १६व्या शतकात विजयनगरच्या तिरुमलांबा यांनी वरदांबिकापरिणयचंपू लिहिलं, त्यात कांचीजवळच्या प्रदेशाचं वर्णन करणारा १९५ अक्षरांचा एक समास आहे, गिनीजने नोंद घेतलीय. तीही सर्कस?

अर्धविराम
कायदा मान्य. पण सरकारी भाषेला कोणी बोलणं म्हणत असेल तर कठीण आहे.

तिरुमलांबांना साष्टांग दंडवत, पण १९५ अक्षरांचा समास लिहिताना त्यांचं लांबीकडे लक्षच नव्हतं असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल? दरबारी काव्य ते, तिथे पांडित्य दाखवायचंच असतं. आपल्याकडे शाळेत रेल्वेच्या सिग्नलला अग्निरथगमनागमनसूचकताम्रपट्टिका म्हणायचा जोक होता ना, व्याकरणात तोही पक्का बसतो, म्हणून गाडी चुकल्यावर कोणी ताम्रपट्टिकेला शिव्या घातल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

संधीसाधू
लांबीकडे लक्ष होतं, मग? कवीचं छंदाकडेही लक्ष असतं, म्हणून काय कविता खोटी ठरते का?

मोजपट्टी
दोघांनाही एक प्रश्न. मोजताय काय नक्की? 'अक्षरं अक्षरं' चाललंय कधीचं. इंग्रजीतला स्ट्रेंग्थ्स घ्या, रोमन लिपीत ९ चिन्हं, तोंडाने म्हणताना एकच झटका, देवनागरीत दोन अक्षरांत खलास. उलटं बघायचं तर आपल्याकडचा कार्त्स्न्य, म्हणजे संपूर्णता. डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, का आणि र्त्स्न्य, पण त्या दुसऱ्यात र त स न य अशी पाच व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर बसलीत, आणि कॉम्प्युटरला विचारा तर तो ११ सांगेल कारण काना आणि प्रत्येक पाय मोडल्याचं चिन्ह तो वेगळं धरतो. आता हा शब्द २ चा, ६ चा की ११ चा?

वेल्समध्ये अँगलसी बेटावर लॅनफेअर म्हणून एक गाव आहे त्याचं पूर्ण नाव रोमनमध्ये ५८ चिन्हांचं, पण वेल्श लोक जोडीने येणारी काही चिन्हं एकच अक्षर धरतात, त्यांच्या हिशोबाने ५१. आधी पट्टी ठरवा मग भांडा.

अर्धविराम
लॅनफेअरचं नाव काढलंत ते बरं केलंत. ते लांबलचक नाव १८६० च्या दशकात रेल्वे स्टेशनमुळे प्रवासी यावेत म्हणून फुगवलेलं आहे. जाहिरात आहे ती! गावकरी स्वतः लॅनफेअरपीजी म्हणतात. माझ्या यादीतून बाद.

वाचनमात्र
टायटिन नावाच्या प्रोटीनचं पूर्ण रासायनिक नाव १,८९,८१९ अक्षरांचं आहे, मेथिओनिलपासून सुरू होऊन आयसोल्युसिनला संपतं. संपला विषय, पळतो.

संधीसाधू
@वाचनमात्र, ते नाव नाही हो, अमिनो आम्लांची हजेरी आहे. वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं सलग लिहिली म्हणजे वर्गाचं नाव होतं का. (इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने, नोंद घ्यावी.)

पण माझा मूळ मुद्दा राहिलाच. समास बाजूला ठेवा, प्रत्यय बघा. तुर्कीत एव् म्हणजे घर. एव्लेर घरं, एव्लेरिमिझ आमची घरं, एव्लेरिमिझदे आमच्या घरांमध्ये, एव्लेरिमिझदेकिलेर आमच्या घरांमधले. हे बोलताना तुर्की माणसाला आपण काही लांब बोलतोय हे जाणवतसुद्धा नाही. आणि हसू नका, आपणही हेच करतो. घर, घरासमोर, घरासमोरचे, घरासमोरच्यांनी, घरासमोरच्यांनीसुद्धा. 'घरासमोरच्यांनीसुद्धा वर्गणी दिली नाही' हे वाक्य कोणीही सहज बोलून जाईल. ९ अक्षरं आहेत त्यात, आणि कुठल्याच शब्दकोशात तो शब्द सापडणार नाही. मग तो शब्द नाही का? माझं म्हणणं हे की अशा भाषांत 'सगळ्यात लांब' असं काही नसतंच, दम लागेपर्यंत जोडत जा.

अर्धविराम
हे मात्र जबरी. घरासमोरच्यांनीसुद्धा बिनशर्त मान्य, त्यात कोणाचा शो नाही.

गोळीपुडी
उशिरा आलोय पण धागाकर्त्यांचा २० चा आकडा पाडायचा आहे. पॅथॉलॉजीच्या परीक्षेत घाम फोडणारा शब्द, स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉयडिझम, मोजून ३० अक्षरं. कोणी गंमत म्हणून केलेला नाही. हायपोपॅराथायरॉयडिझममध्ये गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन कमी पडतं आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मग फुलर ऑलब्राइट यांना १९४२ मध्ये असे पेशंट दिसले ज्यांच्यात हार्मोन भरपूर पण शरीर त्याचं ऐकतच नाही, कॅल्शियम उतरलेलंच. बुटकी अंगकाठी, गोल चेहरा, हाताची काही हाडं आखूड. ते झालं स्यूडो, म्हणजे नकली. १९५२ मध्ये त्यांनाच अशी पेशंट सापडली जिचं दिसणं हुबेहूब तसंच, हाडं आखूड, सगळं, पण कॅल्शियम एकदम नॉर्मल. आता नकलीची नक्कल, तिला काय म्हणणार? अजून एक स्यूडो लावला. माणसाला खरंच काहीतरी सांगायचं होतं आणि शब्द लांबला. तुमचीच कसोटी.

तसाच इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी, २६, अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात आतून बघणं. रिपोर्टवर छापलेला असतो.

अर्धविराम
आणि पेशंट काय म्हणतो? 'दुर्बीण टाकली.' हाच तर माझा मुद्दा आहे, शब्द जसजसा खरा वापरात येतो तसतसा त्याचा लचका तोडला जातो. इंटरनॅशनलायझेशनचं सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केलंय, पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि मधे १८ आकडा, कारण मधली अक्षरं अठरा!

पण स्यूडोस्यूडोपुढे हरलो, ते कबूल. २० चा आकडा मागे, आता ३०. लॅनफेअर आणि तिरुमलांबा अजूनही नाही म्हणजे नाही.

संधीसाधू
३० मान्य केलात म्हणजे तुमचा २९ वाला फ्लॉक्सिनॉसि आपोआप आऊट, कवडीमोल ठरला बिचारा.

मोजपट्टी
परत तेच. ३० कुठल्या लिपीत? देवनागरीत मोजलं मी, स्यूडोस्यूडोहायपोपॅराथायरॉयडिझम भरतो १६. अग्निरथगमनागमनसूचकताम्रपट्टिका १८. तुमचा जोकच जिंकला.

अर्धविराम
मोजपट्टी, झोपा आता.