मदत हवी आहे: शाळेत मुलांच्या तब्येतीसाठी मुख्याध्यापक काय काय करू शकतात?

नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमची पहिली ते आठवीची अनुदानित शाळा आहे, यंदा मुख्याध्यापिकेचा चार्ज माझ्याकडे आलाय. बरेच पालक यंत्रमागावर नाहीतर घरी विड्या वळणारे, पोरं सकाळी नुसता चहा पिऊन येतात आणि परिपाठाला चक्कर येऊन खाली बसतात, बघवत नाही हो. आठवड्याची लोहाची गोळी आम्ही आता खिचडी झाल्यावरच देतो, उपाशीपोटी दिली की मळमळतं आणि मग घरचे म्हणतात गोळीच नको. तर मुलींच्या आयांना हे कसं पटवायचं, कुणी आशाताईंना पालकसभेला बोलवून बघितलंय का?

दुसरं म्हणजे गेटसमोरच्या गाड्या. २०२० च्या नियमाने शाळेच्या गेटपासून ५० मीटरात जास्त तेल-मीठ-साखरेचं विकायचं नाही, पण गाडीवाल्या मावशी आमच्याच एका पोरीची आई आहे, तिचं पोट मारायचं नाहीये मला. तिला शेंगदाणे, उकडलेले चणे, पेरू ठेवायला लावलं तर खपेल का?

आणि उन्हाळ्यात पाण्याची घंटा (पोरांनी पाणी प्यावं म्हणून मधे वाजवतात ती) कुणी सुरू केलीये का, तासाचं वेळापत्रक कसं बसवलंत? प्लीज सविस्तर सांगा, शिक्षकांच्या मीटिंगमध्ये मांडायचंय.