शब्दचर्चा : मेळावा, परिषद की बैठक?

प्रश्न : विदर्भातले पुरोगामी ब्लॉगर आणि ऑनलाइन कार्यकर्ते एक दिवस नागपुरात एकत्र यावेत असं ठरतंय. पत्रिकेवर 'विभागीय मेळावा' लिहावं की 'प्रादेशिक संमेलन'?

उत्तर : ताई, आधी 'विभागीय' काढा. आम्ही मागच्या खेपेला हाच शब्द छापला आणि वाशिमहून एका मुलीचा फोन आला, "आमी तं अमरावती विभागात येतो. आमी यावं का नाई?" तिचं बरोबर होतं. नागपूर विभाग म्हणजे सहा जिल्हे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम हे पाच दुसऱ्या विभागात. एका सरकारी शब्दानं आपण अर्ध्या लोकांना बाहेर ठेवलं होतं. जिथं विदर्भ म्हणायचंय तिथं सरळ 'विदर्भ' लिहा, अकराही जिल्हे त्यात येतात. 'प्रादेशिक' चूक नाही, पण तो वाचला की आरटीओ आठवतं.

आता मेळावा. मूळ 'मिळणे', म्हणजे भेटणं, एकत्र होणं. शब्द गोड आहे. पण आज रोजगार मेळावा, कार्यकर्ता मेळावा, वधू-वर परिचय मेळावा इतकं ऐकून झालंय की त्यात व्यासपीठ गृहीतच असतं. हॉलवाल्याला आम्ही 'मेळावा' सांगितलं, तर सकाळी जाऊन बघतो तो स्टेजवर सोफा, समोर टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या, खाली खुर्च्यांच्या रांगा. वर्षभर एकमेकांचं लिहिलेलं वाचणारी माणसं पहिल्यांदा भेटत होती आणि दिवसभर एकमेकांच्या पाठी बघत बसली. त्याची काही चूक नव्हती, शब्दाप्रमाणे त्यानं मांडणी केली.

'अधिवेशन' तर नागपुरात नकोच. इथं तो शब्द उच्चारला की डिसेंबर, विधानभवन आणि बंद रस्ते.

'परिषद' मला फार जवळचा. परि म्हणजे सभोवती, सद् म्हणजे बसणं. या शहरात त्याला वजनही आहे. १९२० च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद इथंच भरली. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झालं तेही इथल्या परिषदेत, आणि तेव्हाच दलित महिलांची स्वतंत्र परिषदही झाली. पण परिषद म्हटली की ठराव आले. तुमच्याकडे मांडायला ठराव असतील, ट्रोलिंग झालेल्या मुलींच्या पाठीशी कोण उभं राहणार, पोलीस तक्रारीला सोबत कोण जाणार, तर जरूर परिषद म्हणा. नुसत्या ओळखी करून घ्यायच्या असतील तर तो शब्द राखून ठेवा.

मी 'बैठक' सुचवीन. बैठक म्हटली की सतरंजी अंथरली जाते, माणसं गोल बसतात, आणि मागं बसलेल्या मुलीलाही बोलावंसं वाटतं.

प्रतिप्रश्न : आणि 'नेटरूट्स'ला काय म्हणायचं? 'तळागाळातले ऑनलाइन कार्यकर्ते' चालेल?

उत्तर : नको. अमेरिकेत इंटरनेट आणि ग्रासरूट्स जोडून तो शब्द झाला. २००६ साली लास व्हेगासला तिथल्या पुरोगामी ब्लॉगरांचं पहिलं मोठं संमेलन झालं, त्याचं नावही पुढं 'नेटरूट्स नेशन' पडलं. त्यात गवताचं मूळ आहे, उगवणारं. आपल्या 'तळागाळा'त तळ आहे आणि गाळ आहे. खाली साचलेला. गावातून मोबाइलवर घरकुलाच्या यादीबद्दल लिहिणाऱ्या पोराला मी गाळ म्हणणार नाही. 'गावोगावचे' म्हणा.

'पुरोगामी' मात्र ठेवा. पुरः म्हणजे समोर, गामी म्हणजे जाणारा. आपण नागपूरकर 'पुढे चला' न म्हणता 'समोर चला' म्हणतो, तेव्हा आपल्याला तर तो समजावूनही सांगावा लागू नये.

म्हणजे पत्रिकेवर एवढंच : 'गावोगावच्या पुरोगामी लिहित्यांची विदर्भ बैठक'. खाली अकराही जिल्ह्यांची नावं छापा, वाशिमचं आधी.