जीआर ८६ की बीआरझेड : हाताळणीतला फरक खरा आहे का?

चाकवेडा:
टोयोटा जीआर ८६ आणि सुबारू बीआरझेड एकाच कारखान्यात बनतात. तेच २.४ लिटरचं बॉक्सर इंजिन, तोच गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना. म्हणून ‘फक्त लोगो वेगळा’ असं सर्रास म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच ट्रॅकवर चालवल्या. वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जरा जास्त पडला की जीआरची शेपटी लगेच बाहेर सरकते, स्टिअरिंग पाव फेरा उलटं फिरवून सावरावं लागतं. बीआरझेड त्याच जागी शांत बसून राहते. कारण स्प्रिंगांत आहे. जीआरच्या पुढच्या मऊ, २८ न्यूटन प्रति मिमी, आणि मागच्या कडक, ३९. बीआरझेडच्या ३० आणि ३५. मागचा अँटी-रोल बारही, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी, जीआरचा १५ मिमी जाड, बीआरझेडचा १४. मागची बाजू ताठ झाली की बाहेरच्या मागच्या टायरवर बोजा वाढतो आणि पकड आधी सुटते. गाडी अशी बोलकी असावी, म्हणून माझं मत जीआरला.

तिसरा गिअर:
आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. टायर कोणते होते? १७ इंची चाकांवरचे मिशलिन प्रायमसी आणि १८ इंचीवरचे पायलट स्पोर्ट ४ यांच्यातला फरक या स्प्रिंगांच्या फरकाला गिळून टाकतो.

चाकवेडा:
दोन्हींना १८ इंची, पायलट स्पोर्ट ४. हवा मी स्वतः मोजली, टायर थंड असताना.

ओला रस्ता:
मग फरक आहे, हे मान्य. पण त्यावरून जीआर सरस कशी ठरते? पावसात, खड्डेवजा वळणावर मला शेपटी सावरत बसायचं नसतं. बीआरझेडचं नाक नेमकं आत वळतं. तिचे पुढचे नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारे भाग, अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, जीआरचे लोखंडी. चाकाजवळचं वजन कमी, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर चाक लवकर रस्त्याला टेकतं. माझ्यासारख्या रोज गाडी वापरणाऱ्याला हेच हवं.

तिसरा गिअर:
टायरची शंका मागे घेतो. तरी गाडी निवडायला हा फरक पुरेसा नाही, कारण तो नंतर भरून काढता येतो. सांगाडा एकच आहे. बीआरझेडला मागे थोडा जाड बार लावा, पुढे कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अर्धा-एक अंश उणे (वरची बाजू आत) करून घ्या, आणि मग पुन्हा त्याच वळणावर जा.