मदत हवी आहे : विमानांचे संभाषण ऐकण्यासाठी आधी फिल्टर घ्यावा की केबल बदलावी?

मी भुसावळला दुमजली घरात राहतो. हाती धरायचा स्कॅनर (रेडिओ संदेश ऐकण्याचा संच) परवडणारा नसल्याने लॅपटॉपला जोडायचा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाच्या मदतीने चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला आहे. मला केवळ विमानांचे संभाषण (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, एएम) आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा १४५.८०० मेगाहर्ट्झवरील आवाज ऐकायचा आहे. पोलीस किंवा रेल्वेच्या संदेशांत मला रस नाही, त्यामुळे कृपया तो विषय नको.

अडचण अशी की, गेन (डोंगलमधील संदेश मोठा करण्याचे प्रमाण) वाढवला की एफएम केंद्रांची गाणी विमानांच्या पट्ट्यातही उमटतात आणि तो कमी केला की गाण्यांबरोबर वैमानिकांचा आवाजही बुडतो. प्रत्येकी सुमारे ६० सेंटिमीटरच्या दोन दांड्यांचा उभा डायपोल (अँटेना) गच्चीवर लावून पाहिला, मोड एएमच आहे याची खात्री केली, घरातले एलईडी दिवे व इन्व्हर्टर बंद केले. खरखर थोडी घटली, गाणी मात्र तशीच राहिली.

डायपोलपासून खोलीपर्यंत डिशची जुनी ७५ ओहमची केबल १५ मीटर आहे. केबल आखूड व्हावी म्हणून डोंगलच गच्चीवर न्यावा असे सुचवले जाते, परंतु आमच्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर तो टिकेल, असे मला वाटत नाही. खर्चाची मर्यादा २,००० रुपये असल्याने एकच गोष्ट घेता येईल.

अशा स्थितीत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ (एफएम केंद्रांचा पट्टा) अडवणारा फिल्टर आधी घ्यावा, की ५० ओहमची चांगली केबल, आणि फिल्टर घेतल्यास तो डायपोलजवळ लावावा की डोंगलजवळ?